पाव मैलाची शर्यत आणि पाइपांचे दुकान

कापड दुकानदाराने मोटारसायकलींच्या शर्यतीवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आम्हालाही वाटले. पण गेल्या पावसाळ्यात आमचा भाचा एक कागद घेऊन दुकानात आला, गादीवर आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मामू, दोन लाखांचे काम आहे. एकदा वाचून घ्या." कागदाच्या डोक्यावर लिहिले होते, 'ड्रॅग रेसिंग टीम, उंब्रज'. खाली यादी होती : जुनी यामाहा आरएक्स एक, सिलिंडर-पिस्टनचे काम, कार्ब्युरेटर, टायर, चेन-स्प्रॉकेट, रेसिंगचा सायलेन्सर, मेकॅनिक एक, रायडर एक. रायडर म्हणजे तो स्वतः. शेवटी जाड अक्षरांत, 'नॅशनल चॅम्पियनशिप, चेन्नई'.

कागद कोणताही असो, आम्ही आधी जमेची बाजू पाहतो. या कागदाला जमेची बाजूच नव्हती.

पोरगा वाया गेलेला नाही. पाच वर्षे एका गॅरेजात हात काळे करून काम शिकला आहे. त्याचे गॅस वेल्डिंग पाहिले की चांगल्या शिंप्याची तुरपाई आठवते. त्यामुळे "चल, चालता हो" म्हणणे जिवावर आले. दुसरेही एक कारण होते. त्याच्या दोनच महिने आधी हायवेच्या सर्व्हिस रोडवर रात्री साडेअकरा वाजता पोरांनी पैज लावून गाड्या पळवल्या होत्या आणि हा पडला होता. आमच्या बहिणीने आम्हाला बोलावले तेव्हा तो ओसरीवर हात पुढे धरून बसला होता. अंगातला शर्ट आमच्याच दुकानातल्या टेरिकॉटचा. बाही कोपरापासून मनगटापर्यंत वितळून कातडीला चिकटली होती. डॉक्टरांनी ती चिमट्याने सोडवली.

आम्ही पैसे नाकारले असते म्हणून त्याने शर्यत सोडली नसती. तो पुन्हा रात्रीच्या रस्त्यावर गेला असता. म्हणून आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि नव्या गिरणीचा माल उचलण्यापूर्वी करतो तशी या धंद्याची चौकशी केली. ती येथे मांडत आहोत, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा भाचा असेल.

ड्रॅग रेस समजायला अवघड नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. रस्ता सरळ, वळण एकही नाही. अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा ४०२ मीटर. आधी पोहोचेल तो पुढच्या फेरीत, हरेल तो घरी. आपल्या साताऱ्याकडच्या बैलगाडी शर्यतीत गट, सेमी फायनल आणि फायनल असते, तशीच ही गाळणी. अमेरिकेतील मोठ्या स्पर्धेत मोटारसायकलींच्या वरच्या गटात सोळा गाड्या पात्र ठरतात, सोळाच्या आठ, आठच्या चार, चारच्या दोन. तेथील पहिल्या दर्जाच्या गाड्या हे अंतर पावणेसात सेकंदांच्या आसपास कापतात आणि शेवटच्या रेषेवर वेग ताशी २०० मैलांच्या, म्हणजे ३२० किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. एक ताका उलगडून दाखवायला आमच्या पोऱ्याला याहून जास्त वेळ लागतो.

शर्यत सोडायला पूर्वी माणूस झेंडा हलवत असे. १९६३ पासून दिव्यांचा खांब आला. पिवळे दिवे एकदम लागतात, चार दशांश सेकंदांनी हिरवा लागतो. हिरव्याच्या आधी गाडी हलली तर तांबडा दिवा लागतो आणि खेळ तेथेच संपतो. येथे एक बारकावा आहे, आणि व्यापाऱ्याने तो नीट समजून घ्यावा. गाडीचा वेळ मोजणारे घड्याळ दिवा लागल्यावर सुरू होत नाही, ते चाक हलल्यावर सुरू होते. दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात. समजा, एका गाडीने अंतर ६.८२ सेकंदांत कापले, पण स्वार दिव्यावर ०.०६ सेकंद रेंगाळला. बेरीज ६.८८. दुसरी गाडी थोडी मंद, ६.८५ सेकंदांची, पण तिचा स्वार ०.०२ सेकंदांत सुटला. बेरीज ६.८७. मंद गाडी जिंकली! फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. ताशी २०० मैलांच्या वेगाला शंभरावा भाग म्हणजे किती अंतर, याचा हिशेब आम्ही गादीवर बसून केला. वाराला पाऊण इंच कमी भरले. एवढ्यावर वर्षाची मेहनत जाते.

या खेळाचा जन्म रिकाम्या विमानपट्ट्यांवर झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियात घरी परतलेली तरुण पोरे रस्त्यावर गाड्या पळवू लागली आणि मरू लागली. १९५० च्या जुलैत सी. जे. हार्ट नावाच्या गृहस्थाने आपल्या भागीदारांसह सांता आना येथील विमानतळाची न लागणारी पट्टी मागून घेतली आणि माणशी ५० सेंट आकारून रविवारच्या शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स या मोटार मासिकाच्या संपादकाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायचे, हा त्या संस्थेचा पहिला उद्देश होता. आज जगातील ड्रॅग रेसिंगची सर्वात मोठी संस्था तीच आहे.

सांता आनाच्या पट्टीवरची एक हकिकत आम्हाला फार आवडली. चेट हर्बर्ट नावाचा तरुण पोलिओने लुळा होऊन चाकाच्या खुर्चीत बसला होता. त्याने हार्ले-डेव्हिडसनची एक मोटारसायकल बांधली, नाव ठेवले 'द बीस्ट'. स्वतः चालवू शकत नव्हता, म्हणून दुसऱ्यांना बसवले. त्या दुचाकीने १९५० मध्ये मोठमोठ्या इंजिनांच्या मोटारींना मागे टाकले. इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारा जो दांडा असतो, कॅमशाफ्ट, त्यावर रोलर वापरायची युक्ती त्यात होती. हरलेले मोटारवाले त्याच्याकडे येऊन तोच दांडा मागू लागले, आणि खुर्चीत बसलेल्या त्या माणसाचा कॅमशाफ्टचा धंदा उभा राहिला. शर्यत त्याची जाहिरात झाली. जाहिरातीचा खर्चही त्याला वेगळा करावा लागला नाही.

पण आमच्या भाच्याच्या कागदाला खरा जबाब देणारी गोष्ट व्हान्स अँड हाइन्स या पेढीची आहे. टेरी व्हान्स आणि बायरन हाइन्स हे दोघे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रस कॉलिन्स यांच्या आरसी इंजिनिअरिंग या कारखान्यात होते. टेरी गाडीवर बसणारा, बायरन इंजिनाचा उस्ताद. १९८० च्या सुमारास दोघांनी आपले स्वतःचे दुकान काढले. दुकानात विकायचे काय? एक्झॉस्ट पाइप, म्हणजे आपण ज्याला ढोबळपणे सायलेन्सर म्हणतो ते.

हा माल म्हणजे नुसती नळी नव्हे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर सलग येत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. नळीची लांबी आणि जाडी नेमकी असली तर एका धक्क्याच्या मागची पोकळी दुसऱ्या धक्क्याला ओढून घेते आणि सिलिंडर स्वच्छ रिकामा होतो. मग ताजा माल जास्त भरतो. टू-स्ट्रोक आरएक्समध्ये तर याहून गंमत आहे. पोटात फुगलेल्या आणि शेवटी निमुळत्या होणाऱ्या नळीत धक्का जाऊन परत फिरतो आणि बाहेर निसटू पाहणारे पेट्रोल-हवेचे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलतो. नळीच्या आकाराचा बेरंग झाला तर महागडे पिस्टन टाकूनही गाडी पळत नाही. हे सर्व आम्हाला भाच्यानेच समजावले, आमच्या फूटपट्टीने कागदावर आकृती काढून. त्या वेळी तो रायडर वाटत नव्हता, कारागीर वाटत होता.

असो. व्हान्स आणि हाइन्स शर्यतीत उतरत, जिंकत, आणि सोमवारी जपानी मोटारसायकलींचे सामान्य मालक तेच पाइप मागायला येत. टेरी व्हान्सने १९८८ मध्ये शर्यत सोडली, पण दुकान चालू राहिले. बायरनचा थोरला मुलगा मॅट मोठा झाला आणि त्याने सुझुकीवर १९९७, १९९८ आणि १९९९ अशी सलग तीन वर्षे प्रो स्टॉक मोटारसायकल गटाचे राष्ट्रीय विजेतेपद घेतले. मग २००२ मध्ये हार्ले-डेव्हिडसन कंपनीने या पेढीशी हात मिळवला. नवी गाडी, नवे इंजिन. विजेतेपद लगेच आले नाही, २००४ उजाडावे लागले. ते आणले धाकट्या मुलाने, अँड्र्यूने, आणि २००५ व २००६ मध्येही त्यानेच राखले. २०१९ पर्यंत त्याची सहा विजेतेपदे झाली. पेढीत आजही पाइप विकले जातात.

यातले २००८ साल आम्ही भाच्याला दोनदा वाचून दाखवले. त्या वर्षी याच संघाच्या गाडीवर एडी क्राविएक होता. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर मॅनेजरची नोकरी केलेला माणूस. त्याने त्या हंगामात एकही शर्यत जिंकली नाही. एकही नाही! आणि वर्षअखेरीस राष्ट्रीय विजेता तोच ठरला. प्रत्येक जिंकलेल्या फेरीचे गुण मिळतात, आणि २००७ पासून शेवटच्या काही शर्यतींपूर्वी वरच्या स्पर्धकांचे गुण जवळजवळ आणून नव्याने चढाओढ लावण्याची पद्धत आहे. बाकीचे एका रविवारी जिंकत आणि दुसऱ्या रविवारी पहिल्याच फेरीत तांबडा दिवा लावून किंवा क्लच जाळून घरी जात. क्राविएक दर रविवारी दोन-तीन फेऱ्या काढत राहिला. त्याची पहिली जिंकलेली शर्यत २००९ मध्ये आली, विजेतेपद मिळाल्यानंतर. आमच्या ओळखीचे एक दुकान असे आहे. त्यांची एकही दिवाळी गाजली नाही. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत सगळे मोठमोठे स्टॉल मांडतात तेव्हा यांचा छोटा. पण चाळीस वर्षांत त्यांचा एक हुंडीचा कागद परत आलेला नाही.

भाच्याचे म्हणणे निराळे पडले. "मामू, गेज हरेराचे पण सांगा ना." खरे आहे, तेही सांगितले पाहिजे. याच पेढीने हार्लेनंतर पुन्हा सुझुकी धरली आणि गेज हरेरा या स्वाराने २०२३ व २०२४ ही दोन्ही वर्षे घेतली. मध्ये तो सलग ४६ फेऱ्या हरला नाही. पण त्या ४६ फेऱ्यांच्या मागे पेढीची चाळीसहून अधिक वर्षे आहेत. इंजिन मोजण्याचे यंत्र, सुटे इंजिन, ते नेणारा ट्रक, टायर तापवायला आणि रस्ता वाचायला माणसे, हे सगळे पाइपांच्या गल्ल्यावर आणि मोठ्या कंपनीच्या पैशांवर चालते. भाच्याच्या यादीत टायर एकच होता. आम्ही विचारले, दुसऱ्या फेरीला तो झिजला तर? मेकॅनिकचा रोज कोण देणार? चेन्नईला गाडी टेंपोने नेणार की ट्रॅव्हल्सच्या टपावर? पिस्टन जाम झाला तर घरी परत येण्याचे भाडे कुठे आहे? त्याने मान खाली घातली. पोराला शर्यत माहीत होती, हंगाम माहीत नव्हता.

आता आपल्याकडचे पाहू. ज्या रस्त्यावर उंब्रज आहे, तो जुना चार नंबरचा हायवे, आताचा ४८ नंबरचा. आमच्या दारावरून तो कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू करत थेट मद्रासला जातो, आणि मद्रासच्या अलीकडे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे याच रस्त्यालगत मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. हा क्लब पूर्वी शोलावरमच्या महायुद्धकालीन विमानपट्टीवर शर्यती भरवीत असे. म्हणजे तीच कॅलिफोर्नियाची गोष्ट. राष्ट्रीय मोटारसायकल ड्रॅग स्पर्धा इरुंगाट्टुकोट्टैला झाल्या आहेत. जागेच्या मानाने अंतर पाव मैलाहून कमी असते, पण घड्याळ तसेच निर्दय. बंगळुरूच्या मंत्र रेसिंग संघाच्या हेमंत मुद्दप्पाने तेथे मोठ्या गाड्यांवर अनेक राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. लहान टू-स्ट्रोक गाड्यांचे गटही असतात. महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती भरल्या आहेत. आमच्या कराडजवळही एक धावपट्टी आहे. भाचा एसटीने तिकडून गेला की खिडकीतून तिच्याकडे पाहतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

उंब्रजपासून त्या ट्रॅकपर्यंत सुमारे हजार किलोमीटर. सर्व्हिस रोड मात्र घरापासून दोनशे पावलांवर. सगळी अडचण येथेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत आणि दहा हजारांपर्यंत. दंडाची पोरांना भीती नसते. आम्ही त्याला जॉन मायर्सचे सांगितले. १९९०, १९९२ आणि १९९५ चा अमेरिकेचा विजेता, पट्टीवर शेकडो वेळा वाऱ्यासारखा गेलेला माणूस. १९९८ मध्ये तो वारला, आणि तो पट्टीवर नव्हे, साध्या रस्त्यावरच्या मोटारसायकल अपघातात. पट्टीवर समोरून ऊस भरलेली ट्रॉली येत नाही, कुत्रे आडवे येत नाही.

कपड्याबद्दल मात्र आम्ही अधिकाराने बोलू शकतो. टेरिकॉटमधील पॉलिएस्टर अडीचशे अंश सेल्सियसच्या थोडे वर वितळते, नायलॉनचीही तीच जात. डांबरावर घसरताना तेवढी उष्णता एका क्षणात होते, आणि वितळलेला धागा कातडीत रुततो. सुती कापड वितळत नाही, पण लगेच फाटते. जीन्स थोडी जास्त टिकते, इतकेच. म्हणून शर्यतीत जाड चामड्याचा एकसंध पोशाख सक्तीचा असतो. केवलार नावाचा धागा १९६५ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीतील स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला, तो वितळत नाही, त्याचेही अस्तर लावतात. आमच्या भाच्याच्या दोन लाखांच्या यादीत चेन-स्प्रॉकेटसकट सगळे होते, पण अंगावर घालायचे काहीच नव्हते. कापड दुकानदाराचा भाचा असून! हा राग आम्ही लपवला नाही.

पंधराव्या दिवशी त्याला दुकान बंद झाल्यावर बोलावले. बहीणही आली. आम्ही सांगितले : दोन लाख देणार नाही. पंच्याहत्तर हजार देतो, ते अवजारांसाठी, पत्रा वळवायचा रोलर, वेल्डिंगचा संच आणि मापे. गाडीसाठी एक पैसा नाही. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. शौकीन लोक आजही ती जपतात, आणि मूळ मापाचा सायलेन्सर, बोअरचे नीट काम यासाठी वणवण करतात. ते गिऱ्हाईक धर. रस्त्यावर आवाज काढणारा पाइप कुणालाही लावून द्यायचा नाही. असे सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली चिरडतात, तसे तुझे दुकानही चिरडेल. रेसिंगचा पाइप बनवशील तो रेसिंगसाठीच. दर महिन्याच्या नफ्यातून चौथा हिस्सा बाजूला टाक. आधी हेल्मेट आणि चामड्याचा पोशाख, मग टायरच्या दोन जोड्या, मग फेडरेशनचे लायसन, मग चेन्नईचे भाडे. आणि रात्री सर्व्हिस रोडवर दिसलास तर अवजारे त्याच रात्री परत.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, यात तीन वर्षे जातील." आम्ही म्हटले, हार्लेसारख्या कंपनीला दोन वर्षे लागली. बहिणीने पहिल्यांदाच तोंड उघडले आणि विचारले, तीन वर्षांनी तरी तो पळवणारच ना? याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पळवील, पण पट्टीवर पळवील, एवढेच म्हणता आले. तिचे समाधान झालेले दिसले नाही.

याला आता काही महिने झाले. गेल्या शुक्रवारी तो तोच कागद घेऊन आला. मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारून त्याने डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च असे लिहिले होते. जमेची पहिली ओळ होती : आरएक्सचा सायलेन्सर, मूळ मापाचा, नग एक, गिऱ्हाईक मसूरचे. रकमेच्या जागी लिहिले होते, उधार.

आम्ही विचारले, पहिल्याच गिऱ्हाइकाला उधार कशाला दिलीस? म्हणाला, "ओळखीचे आहेत, मामू. दसऱ्याला देतो म्हणालेत." आम्ही त्याला गादीवर बसवले आणि उधारीची वही कशी ठेवतात ते दाखवायला सुरुवात केली.